चटका बसल्यावर : अप्रिय अनुभव आणि अध्ययन या विषयाची प्रस्तावना

बडोद्यात सेव-उसळ आवडत नाही असा माणूस क्वचित भेटतो. पण एके काळी आवडायची आणि आता वासही नकोसा होतो, असा एखादा मात्र बहुतेक आळ्यांत सापडतो. त्याची हकीकत विचारली तर ती साधारण सारखीच निघते. संध्याकाळी गाडीवर उभे राहून वाटाण्याचा झणझणीत रस्सा खाल्ला, वर तरी मागून घेतली, आणि रात्री ताप भरून पहाटेपर्यंत ओकाऱ्या झाल्या. घरातल्या धाकट्यालाही तसाच ताप होता, गल्लीत साथ चालू होती, डॉक्टरांनीही उसळीला दोष दिला नाही. हे सगळे त्याला ठाऊक असते. तरीही पुढे कित्येक वर्षे तरीचा तो लाल तवंग नुसता दिसला की त्याच्या पोटात ढवळते. घरच्यांनी कितीही समजावले तरी उपयोग होत नाही, कारण त्यांचे म्हणणे त्याला आधीच पटलेले असते.

अप्रिय अनुभवातून माणूस आणि प्राणी काय शिकतात, कसे शिकतात आणि शिकलेले सहजी का पुसत नाही, या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राच्या शाखेत नव्याने येणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. या वाचकाची थोडी तयारी आधीच झालेली असते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. एका वस्तूची भीती तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूवर पसरते, याला पाठ्यपुस्तकात सामान्यीकरण म्हणतात. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, हेही त्याला माहीत असते. दुसऱ्याचा अनुभव पाहून शिकता येते, हे प्रयोगशाळेत दाखवायला बराच काळ जावा लागला. आपल्या भाषेत साठलेले हे शहाणपण बव्हंशी खरे आहे. ते अपुरे कुठे पडते, तेवढे शोधणे हे शास्त्राचे काम.

उसळीचे उदाहरण त्या दृष्टीने मोलाचे आहे. 1966 साली जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. तहानलेले उंदीर नळीतून पाणी पीत असताना त्यांना एकाच वेळी गोड चव लागेल, दिवा लखलखेल आणि टकटक आवाज होईल, अशी व्यवस्था होती. त्यानंतर काही उंदरांना मळमळ होईल असे केले, तर काहींच्या पायाला विजेचा झटका दिला. मळमळ झालेल्या उंदरांनी पुढे गोड पाणी टाळले, पण लखलखाट आणि आवाज यांची त्यांना फिकीर वाटली नाही. झटका बसलेल्यांनी नेमके उलट केले. कोणताही संकेत कोणत्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने जोडता येतो, असे त्या वेळी मानले जाई. दोन्हींत फार तर काही सेकंदांचे अंतर असावे, असाही दंडक होता. गार्सियांच्या कामाने दोन्ही समजुतींना तडा गेला. चव आणि मळमळ यांच्यात तासाचे अंतर पडले तरी नाते जुळत होते. आपले शरीर काही धडे शिकायला आधीच सज्ज असते आणि काही धड्यांना दाद देत नाही. ताप साथीचा होता हे पटूनही उसळ नकोशी का होते, याचे उत्तर इथे आहे.

आता दुसऱ्या प्रकारचा अनुभव घेऊ. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले. आवारात आणि तळघरात उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या, पाण्याबरोबर आलेल्या मगरी वनखात्याला घरांच्या आसपासून पकडून न्याव्या लागल्या. त्यानंतर पुन्हा मोठ्या पावसाचा इशारा आला, तेव्हा अनेकांनी मोटारी घरी न ठेवता उड्डाणपुलांवर नेऊन उभ्या केल्या. एकाच अनुभवात शहराने एक नवे वर्तन आत्मसात केले. यात गैर काहीच नाही, ती सावधगिरीच आहे. पण अभ्यासकाला पुढचा प्रश्न पडतो. समजा, त्या रात्री पूर आला नाही. मोटार सुखरूप राहिली. मालकाला हायसे वाटले. हे हायसे वाटणे हेच त्या वर्तनाचे बक्षीस ठरते आणि पुढच्या वेळी तो आणखी लवकर पूल गाठतो. नकोशी गोष्ट टळल्यामुळे वर्तन पक्के होते, त्याला ऋण प्रबलन म्हणतात. विद्यार्थी पहिल्या वर्षी हटकून याची गल्लत शिक्षेशी करतात. शिक्षेने वर्तन कमी होते, ऋण प्रबलनाने ते वाढते, आणि रोजच्या आयुष्यात दोन्ही बहुधा एकाच वेळी चालू असतात. रागावणाऱ्या बापासमोर मुलाचे बोलणे कमी होते, आणि त्याच वेळी गप्प बसण्याची सवय वाढते.

पुलावर मोटार लावणाऱ्याला पाऊस थांबल्यावर आकाश दिसते, नदीची पातळी कळते. त्याचे वर्तन वस्तुस्थितीशी जोडलेले राहते. लिफ्टमध्ये एकदा अडकलेला आणि त्यानंतर सात मजले चढून जाणारा माणूस मात्र लिफ्ट सुरक्षित आहे की नाही हे कधी पाहतच नाही. भीती संकेताला चिकटते आणि संकेतापासून पळाल्याने मिळणारा दिलासा पळण्याला बळ देतो, अशी मांडणी होबार्ट माउरर यांनी 1947 साली केली. पुढे 1953 मध्ये रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांच्या प्रयोगात झटका बंद केल्यावरही कुत्री शेकडो वेळा अडथळ्यावरून उड्या मारत राहिली. टाळण्याच्या सवयीची अडचण हीच आहे की ती स्वतःला तपासून पाहण्याची संधीच येऊ देत नाही. भयगंडावरचे बरेचसे उपचार ही संधी पुन्हा मिळवून देण्यासाठी असतात. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडता खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला. त्या कामात आजच्या कितीतरी उपचारांचे मूळ आहे.

आतापर्यंतची उदाहरणे सोपी होती, कारण ताप आणि पूर यांना हेतू नसतो. माणूस माणसाला हेतुपुरस्सर दुःख देतो तिथे हे शास्त्र खऱ्या कसोटीला लागते. बडोदे शहराने ही कसोटी 1917 सालीच पाहिली आहे.

सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. करारानुसार त्यांना परत येऊन बडोदे संस्थानची नोकरी करायची होती. 1917 च्या सप्टेंबरात ते बडोद्याला आले, आणि पुढे काय घडले ते त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितले आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते मुळातून वाचावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. बाबासाहेबांचे स्वतःकडे पाहणे अतिशय अचूक आहे. ते सांगतात की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर मात्र कुठे जायचे, आपल्याला कोण ठेवून घेईल, या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून दीड रुपया रोजाने ते राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच, विजेचा दिवा नाही, कंदिलाच्या उजेडात वाचन, शेजारच्या अडगळीच्या दालनात वटवाघळांचा वावर. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशी जमाव जिन्यावरून वर आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान निघाले.

जाणीव पुसली गेली होती, मग ती स्टेशनवर परत कुठून आली? अध्ययनशास्त्रात यावर पन्नासेक वर्षे काम चालू आहे. संकेत पुन्हा पुन्हा समोर येऊनही दुःख झाले नाही तर भीती ओसरते, त्याला विलोपन म्हणतात. विलोपन म्हणजे जुने पुसले जाणे, अशी समजूत होती. पावलोव्ह यांनाच तिच्याविषयी शंका आली होती, कारण काही काळ विसावा मिळाला की त्यांच्या कुत्र्यांत विलोप पावलेली प्रतिक्रिया आपोआप परतत असे. मार्क बाउटन यांनी 1979 पासूनच्या प्रयोगांत दाखवले की जुने शिकणे तसेच राहते आणि त्याच्यावर नवे शिकणे बसते. हे नवे शिकणे ज्या जागी घडले त्या जागेशी बांधलेले असते. जागा बदलली की जुने वर येते. एका थोर माणसाच्या आयुष्यावर उंदरांच्या प्रयोगांचा निष्कर्ष चिकटवणे उथळपणाचे होईल, आणि मला ते करायचेही नाही. उलट ही हकीकत त्या निष्कर्षाला दुरुस्त करते. बडोद्यात परत आलेली ती जाणीव अनाठायी भीती नव्हती. बडोद्यात धोका खराच होता आणि न्यूयॉर्कमध्ये तो तसा नव्हता. दोन जागांची दोन सत्ये मनाने वेगवेगळी जपून ठेवली होती. भीती परतली की तिला आजार म्हणण्यापूर्वी बाहेरचे जग तपासावे लागते, हा धडा आपल्या समाजात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या दिवशी शिकायला हवा.

धर्मशाळेतून निघण्याआधी बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले. दोघांनी टाळले. अप्रिय अनुभवांच्या अभ्यासात आपण बहुतेक वेळा ज्याला दुःख झाले त्याच्याकडेच पाहतो. माझ्या मते इथे त्या मित्रांकडे पाहणे अधिक उपयोगी आहे. नोकर जातील, जातभाई बोलतील, वाळीत टाकतील, ही भीती त्यांना चालवत होती. प्रत्यक्ष बहिष्कार क्वचितच घालावा लागे, त्याची धास्ती पुरेशी होती. त्या धास्तीपोटी जो तो नियम पाळी, कुणी तो मोडून पाहत नसे, आणि त्यामुळे मोडल्यावर खरोखर काय होते हे कुणाला कळतही नसे. टाळण्याचे वर्तन पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. शेवटी बाबासाहेब बडोदे सोडून मुंबईला निघाले. गाडीला पाच तास होते. ते त्यांनी कामाठी बागेत काढले. आज त्या बागेला सयाजी बाग म्हणतात. तिथला वड संकल्पभूमी म्हणून ओळखला जातो आणि 23 सप्टेंबरला तिथे माणसे जमतात.

बाबासाहेब कोलंबियात होते त्याच काळात त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात एडवर्ड थॉर्नडाइक शिकवत होते. परिणामाचा नियम त्यांचा. समाधान देणारी कृती पक्की होते, त्रास देणारी कृती कमजोर होते, असे त्यांनी सुरुवातीला मांडले. 1932 पर्यंत मात्र त्यांनी नियमाचा दुसरा अर्धा भाग बराचसा मागे घेतला. ‘बरोबर’ म्हटल्याने उत्तर जितके पक्के होत होते, तितके ‘चूक’ म्हटल्याने कच्चे होत नव्हते. आपल्याच नावावर असलेला नियम पुराव्यापुढे अर्धा सोडून देणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे. 1938 साली स्किनर यांच्या प्रयोगातही पट्टी दाबणाऱ्या उंदराला चापट मारल्यावर दाबणे काही काळ थांबले, पण शिक्षा संपल्यावर त्याने राहून गेलेले दाबणे भरून काढले. पुढच्या संशोधनाने हे चित्र थोडे बदलले. तीव्र, तत्काळ आणि दर वेळी होणारी शिक्षा वर्तन खरोखर दाबून टाकते, हे नेथन एझ्रिन आणि विल्यम होल्झ यांच्या 1966 च्या आढाव्यातून दिसते. म्हणजे शिक्षा निरुपयोगी आहे असे म्हणणे खरे नाही. मात्र ज्या अटींवर ती काम करते त्या अटी माणसांच्या घरात आणि शाळेत पाळणे क्रूरपणाचे ठरेल, आणि तसे करूनही मूल नवे काय करायचे ते शिकणार नाहीच.

शिक्षेने काय साधते आणि काय नाही, याचा बडोदे संस्थानाने एक मोठा प्रयोगच केला, असे म्हणता येईल. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते संस्थानभर लागू केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. दंड भरणाऱ्या शेतकऱ्याला तो जाचक वाटला असणार यात शंका नाही. शेतात हात कमी आणि वर सरकारचा भुर्दंड. तरीही त्या कायद्यामागची तळमळ खरी होती, आणि दंडाने मुलांची नावे पटावर आली. पण नाव पटावर आणणे आणि वाचनाची गोडी लावणे यांत फरक असतो. 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन यांना बोलावून गावोगावी मोफत ग्रंथालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या, तिथे मात्र कुणावर सक्ती नव्हती. एकाच राज्यकर्त्याने एकाच हेतूने ही दोन साधने वापरली. अध्ययनाच्या अभ्यासकाने या दोहोंचे दप्तर शेजारी ठेवून तपासले तर त्यातून एक चांगला प्रबंध होईल. आज शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी आहे. छडीवाचून विद्या नाही ही समजूत मात्र अजून अनेक घरांत जिवंत आहे.

आता या विषयातल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रयोगाकडे येतो. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या कुत्र्याला झटका बसे, पण डोक्याने फळी दाबून तो बंद करता येई. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला तेवढेच झटके तेवढाच वेळ बसत, पण त्याच्या कोणत्याही हालचालीने काही फरक पडत नसे. तिसऱ्या गटाला झटका नव्हता. नंतर सर्वांना अशा पेटीत ठेवले, जिथे बुटका अडथळा ओलांडला की झटक्यातून सुटका होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री चटकन पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बरीचशी कण्हत बसून राहिली. वेदना पहिल्या दोन्ही गटांना सारखीच होती. फरक होता तो आपण काही केल्याने काही बदलते का, एवढाच. अशा कुत्र्यांना दोरीने ओढून वारंवार पलीकडे न्यावे लागले, तेव्हा ती आपणहून जाऊ लागली. पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे या दोघांनीच आपला सिद्धान्त उलटा केला. त्यांच्या नव्या मांडणीनुसार दीर्घ दुःखापुढे हतबल होणे ही मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते हे, की आपल्या कृतीने काही बदलू शकते. आणि एकदा हे शिकले की पुढच्या दुःखात ते कामी येते.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. हा नियम अंगवळणी पाडण्यासाठी रोजची तहान पुरेशी होती. त्यांनीच 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. तहान आणि अपमान यांतून दबलेपणच निपजते, हे सूत्र इथे मोडले. ते का मोडले याचे पूर्ण उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही. बुद्धी, करारीपणा, वडिलांनी शिक्षणासाठी सोसलेले कष्ट, हाती आलेली पदवी, संघटना, यांतले काय किती हे मोजता येणार नाही. पण पाहायचे कुठे, ते शास्त्र सांगू शकते. त्या दिवशी हजारो माणसांनी आपल्या स्वतःच्या हाताने काहीतरी बदलून पाहिले. नंतर त्यांच्यावर हल्ले झाले, डोकी फुटली, तरी तो अनुभव गेला नाही. आपल्या कृतीने जग हलते हे माणसे एकेकट्याने शिकतात तशी समूहानेही शिकतात, आणि या दिशेने मानसशास्त्राने अजून फार थोडे काम केले आहे.

या क्षेत्रातले ज्ञान कुणाच्या दुःखावर उभे आहे, याचे भान वाचकाने सोडू नये. 1920 साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती घातली आणि ती काढण्याआधीच मूल रुग्णालयातून निघून गेले. आज असा प्रयोग कुठलीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. सेलिगमन यांच्या कुत्र्यांविषयी वाचताना पोटात कालवले तर वाचकाने त्याचा संकोच करू नये.

पाठ्यपुस्तकांत अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान, शिक्षा, विलोपन अशी प्रकरणे ओळीने येतात. परीक्षेसाठी ती त्याच क्रमाने वाचावीत, पण समजण्यासाठी विलोपनाचे प्रकरण आधी वाचले तर बरे. शिकलेले पुसत नाही हे कळल्यावर आधीचे सगळे वेगळे दिसू लागते; उपचार करणारे रुग्णाला एकाच खोलीत न ठेवता वेगवेगळ्या जागी भीतीला सामोरे का नेतात, तेही उमगते. आणि वाचता वाचता स्वतः नोंदी ठेवायला लागावे. आपल्याकडची घरे, शाळा, कारखाने, दवाखाने यांतल्या अशा नोंदी मराठीत आणि गुजरातीत फार थोड्या आहेत. वर्गात एखाद्या मुलाला शिक्षा झाली तर किती छड्या बसल्या ते लिहावेच. पण त्याआधी तीन गोष्टी लिहाव्यात : त्या क्षणी त्या मुलाला करता येण्यासारखे काय होते, त्याने ते करून पाहिले का, आणि करून पाहिल्यावर शिक्षक थांबले का.